किती भरलं?

त्या वर्षी चारा लवकर संपला. डोंगराच्या उतारावरचं गवत आधी पिवळं पडलं, मग पांढरं झालं, मग नुसती माती उघडी पडली. दावणीला बांधून जनावराला घालायचं काय, म्हणून लोकांनी बकऱ्या बाजाराच्या वाटेला लावल्या. आठवड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरली नाही. थोरल्याला मात्र अशा वर्षी झोप छान लागायची.

थोरला बकऱ्यांचा व्यापारी. त्याचा सगळा धंदा त्याच्या उजव्या हातात होता. जनावराच्या कमरेवर पंजा ठेवायचा, बोटांनी पाठीचा कणा चाचपायचा, अंगठा बरगड्यांत दाबायचा आणि तोंड कडू करायचं. "पोटात पाणी आहे नुसतं," असं म्हणून भावाचा आकडा टाकायचा. बाजारात त्याच्या हाताला मान होता. त्यानं आकडा टाकला की बाकीचे व्यापारी त्याच्या वर जायचे नाहीत.

धाकट्याचं काम धरायचं. एक हात शिंगांना, दुसरा छातीखाली. सौदा ठरला की उचलून टेम्पोत चढवायचं. जनावर त्याच्या हातात दिलं की खुंट्याला बांधल्यासारखं निश्चिंत व्हावं, म्हणून सगळे त्याला खुंट्याच म्हणायचे. चाळिशी आली तरी नाव तेच राहिलं. लग्नाचं एकदोनदा निघालं होतं. एकदा हंगाम आडवा आला, एकदा थोरल्याचं आजारपण, आणि मग कुणी विषयच काढला नाही. गोठ्याला लागून त्याची खोली होती. तिला दोन दारं होती, एक घराकडं उघडायचं आणि एक बकऱ्यांकडं. घराकडचं दार जेवणापुरतं उघडायचं.

त्या बाजारात टोपल्या विणणारी एक बाई बोकड घेऊन आली. वरच्या वस्तीवरची, एकटीच. बोकड काळा, अंगानं भरलेला, केस चमकणारे. आपल्या तोंडचं काढून पोसलेलं जनावर लगेच कळतं. थोरल्यानं हात ठेवला, चाचपलं आणि आकडा टाकला.

"एवढंच?" बाई म्हणाली.

"हाडांचे पैसे देऊ का? मांसच नाही तर काय करू?"

"अहो, मला उचलत नाही हा."

"तुला उचलत नाही त्याला मी काय करू? तू कर ना व्यायाम."

आजूबाजूचे हसले. बाईनं थोरल्याकडं बघितलं नाही. बोकड धरून उभ्या असलेल्या खुंट्याकडं बघितलं. "दादा, तुम्ही रोज उचलता. तुम्ही सांगा, कसा आहे?"

खुंट्यानं शिंगं घट्ट धरली आणि मान खाली घातली. बाईनं दोर सोडून दिला.

टेम्पोत चढवताना खुंट्याच्या खांद्यातून कळ निघाली. थोरल्यानं ज्या वजनाचा भाव लावला त्याच्या दीडपट तरी जनावर होतं. हातांना कळत होतं. हातांना नेहमीच कळायचं, पण त्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि आज विचारलं तर ते बोलले नव्हते.

परत येताना टेम्पोचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर चाक काढेपर्यंत खुंट्या रस्त्याच्या कडेला सावलीत जाऊन बसला. तिथं झाडाखाली दवाखान्याची नर्स बसली होती. फांदीला गोल तबकडीचा काटा टांगलेला, त्याच्या खालच्या हुकाला कापडाची झोळी आणि झोळीत पोरं. एकेक बाई आपलं मूल आणायची, झोळीत घालायची. मूल टाहो फोडायचं, काटा थरथरायचा आणि थांबायचा.

"किती भरलं?" प्रत्येक बाई हेच विचारायची.

नर्स आकडा सांगायची आणि बाईचा चेहरा उजळायचा, नाहीतर उतरायचा. भांडण नव्हतं, घासाघीस नव्हती. आकडा आकड्यासारखा होता. खुंट्या बघतच राहिला. चाक लागलं, ड्रायव्हरनं दोनदा हाक मारली तेव्हा तो उठला.

जेवताना त्यानं तोंड उघडलं. तो जेवताना सहसा बोलत नसे, त्यामुळे वहिनीनं वाढता वाढता हात थांबवला.

"दादा, आपण काटा घेऊ या."

"कसला काटा?"

"बकऱ्या तोलायचा. झोळीत घालून टांगायच्या. लोकांना खरं वजन दिसेल. आपल्यावर विश्वास बसला की लांबलांबची माणसं आपल्याकडंच येतील. नफा थोडा कमी सुटेल, पण जनावरं दुप्पट येतील."

थोरल्यानं घास गिळला, पाणी प्यायलं. त्याला राग आला नव्हता. लहान मुलाला समजवावं तसं तो बोलला.

"लोक काट्याला विचारायला लागले की माझ्या हाताला कोण विचारणार? आणि मला कुणी विचारलं नाही तर तुला कोण?"

"पण दादा..."

"जेव."

वहिनी म्हणाली, "अरे, जेव ना तू. थंड होतंय." ती या घरात आली तेव्हा खुंट्या दहा-बारा वर्षांचा होता. त्याच्या डोक्याला तेल तिनंच लावलं होतं.

पण डोक्यात शिरलेलं निघेना. पंधरा दिवस तो बकऱ्या उचलायचा आणि मनात आकडे म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या दोन बकऱ्या होत्या, अशक्त पिलं म्हणून थोरल्यानं टाकून दिलेली, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्या विकून काटा घ्यायचा असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या व्यापाऱ्याला विकणं बरं दिसलं नसतं. त्यानं त्या थोरल्यापुढंच उभ्या केल्या.

थोरल्यानं भावाकडं एकदा बघितलं. मग पहिलीच्या कमरेवर पंजा ठेवला, कणा चाचपला, अंगठा बरगड्यांत दाबला आणि तोंड कडू केलं.

"पोटात पाणी आहे," तो म्हणाला.

खुंट्याला वाटलं तो थट्टा करतोय. तो हसायला लागला. पण थोरल्यानं आकडा टाकला, तोच बाजारातला आकडा, आणि वाट बघत उभा राहिला. खुंट्यानं मान डोलावली. मग सवयीनं दोन्ही बकऱ्या स्वतःच उचलून टेम्पोत चढवल्या.

मोठा काटा भंगारवाल्याकडं मिळाला. वेल्डिंगवाल्यानं जुन्या पाइपांची घडीची तिपाई करून दिली. वेल्डिंगवाला बडबड्या माणूस. ठिणग्या उडत असताना म्हणाला, "कल्पना झकास आहे. पण एक सांग, पैसे कोण देणार?"

"ज्याचं वजन करायचं तो."

"त्याला काय मिळणार?"

"खरं वजन."

वेल्डिंगवाल्यानं डोळ्यांवरची काच वर केली, त्याच्याकडं बघितलं आणि परत खाली केली.

पहिल्या बाजाराला खुंट्यानं दावणीच्या टोकाला तिपाई उभी केली. एका चहाचे पैसे द्या, जनावर तोलून घ्या, असं तो म्हणाला. म्हणजे म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज निघेना. लोक थांबायचे, बघायचे, "काय रे खुंट्या, पाळणा कुणाचा?" म्हणायचे आणि पुढं जायचे. दुपारी एका म्हाताऱ्यानं कुतूहलानं आपली बकरी दिली. खुंट्यानं पोत्याच्या झोळीत घालून टांगली. बकरीनं पोत्यावर पाय रोवून अशी उसळी मारली की काटा शून्यापासून शेवटपर्यंत नाचला, तिपाई कलंडली आणि बकरी खुंट्याच्या छातीवर मुतली. सगळा बाजार जमून हसला. थोरला लांब उभा होता. तो हसला नाही, पाठ करून भाव करत राहिला. त्याच्या बकऱ्या आता कुणी दुसराच पोरगेला हमाल धरत होता.

घरी गेल्यावर घराकडचं दार लोटलेलं होतं. उंबऱ्यावर ताट झाकून ठेवलं होतं.

त्यानं झोळी उसवली, चार भोकं पाडली आणि कडा शिवल्या. चारही पाय भोकांतून खाली लोंबले की जनावराला रेटायला काही मिळत नाही. गोठ्यात करून बघितलं. बकरीनं दोनदा हवेत पाय मारले आणि गप्प झाली. डोळे मिटल्यासारखे केले. काटा स्थिर. त्यानं आकडा मोठ्यानं वाचला. ऐकायला कुणी नव्हतं, तरी वाचला.

दुसऱ्या बाजाराला एक शेतकरी खरंच आला, पैसे देऊन बोकड तोलून घेतला आणि ताठ मानेनं थोरल्याकडं गेला. खुंट्या कान देऊन उभा होता.

"एवढा भरलाय काट्यावर," शेतकरी म्हणाला.

"बरं झालं," थोरला म्हणाला. "मग काट्यालाच वीक."

बाकीचे व्यापारीही त्या बोकडाला हात लावेनात. काट्यावर चढलेलं जनावर घ्यायचं नाही, असं बहुतेक त्यांचं सकाळीच ठरलं होतं. उन्हं उतरल्यावर शेतकरी परत आला. "माझे पैसे दे," म्हणाला. "तुझ्या नादानं माझा दिवस गेला." खुंट्यानं पैसे परत केले. शेतकऱ्यानं बोकड हाताच्या अंदाजानं लावलेल्या भावानं, तोही पाडून, थोरल्याला दिला.

मग दावणीच्या त्या टोकाला कुणी फिरकेना. जनावर घेऊन येणारा माणूस तिपाई दिसली की वळसा घालून जायचा. खुंट्या तिथं दिवसभर बसायचा. वाऱ्यानं झोळी हलायची आणि काटा उगाच थोडा पुढं जाऊन मागं यायचा.

घरात कुणी जा म्हणालं नाही. पण एक दिवस थोरला अंगणात म्हणाला, "माझ्याच छपराखाली झोपून माझ्याच पोटावर पाय देतोस," आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी खुंट्यानं काटा, तिपाई आणि गोधडी सायकलवर बांधली आणि वेल्डिंगवाल्याच्या दुकानामागं, लोखंड ठेवायच्या खोलीत राहायला गेला. वहिनी चुलीपाशी होती. "जेवायला येत जा," म्हणाली. थोरल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, म्हणून तो गेला नाही.

पोटासाठी तो पेंडीच्या दुकानात पोती उतरवायला लागला. संध्याकाळी खोलीत यायचा तेव्हा लोखंड दिवसभराचं तापलेलं असायचं. तो दार उघडं टाकून बसायचा. इतकी वर्षं गोठ्याशेजारी झोपलेला माणूस. रवंथीचा आवाज नसला की त्याला झोप यायची नाही.

पेंडीच्या दुकानातच नर्स भेटली. तिला दवाखान्यातला काटा टांगायला दोर हवा होता. खुंट्यानं गाठ मारून दिली आणि भीतभीत विचारलं, "बाई, तुमच्या काट्याला बायका दर वेळी कशा येतात?"

"न येऊन काय करतील?"

"म्हणजे... त्यांना मिळतं काय? मुलं काय विकायची असतात?"

नर्स हसली. "विकायची असती तर एकदाच आल्या असत्या. मागच्या महिन्यापेक्षा वाढलं का घटलं, हे कळायला नको? घटलं तर औषध, खाणं बदलायचं. औषध तरी मी अंदाजानं देऊ का? वजन बघूनच द्यायचं."

खुंट्या पोतं पाठीवर घेऊन तसाच उभा राहिला. मालक ओरडला तेव्हा त्यानं पोतं टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सायकल वरच्या वस्तीकडं घातली. चढ असा की सायकल हातानं ढकलावी लागली. पहिलंच दार टोपलीवालीचं. ती ओट्यावर विणत बसली होती. तिनं ओळखलं, पण हात थांबवले नाहीत.

"बकरी तोलून देतो," तो म्हणाला. "विकायला नाही. नुसतं तुम्हाला कळायला."

"त्या दिवशी तोंड शिवलं होतं का?"

ऊन लागत होतं. खुंट्या तिपाईच्या घड्या उलगडायला लागला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. बाईनं जरा वेळानं टोपली बाजूला ठेवली आणि मागून बकरी आणली. गाभण नव्हती, तरी पोट सुटलेलं, केस उभे. झोळीत गप्प राहिली. काटा थांबला.

"किती भरलं?" बाईनं विचारलं. नकळत विचारलं.

त्यानं सांगितलं. "यापेक्षा जास्त भरायला हवी. जंत असतील. जनावरांच्या दवाखान्यात हे वजन सांगा, त्या मापानं औषध देतील."

तिनं कोळशानं दाराच्या फळीवर आकडा लिहिला. पैसे दिले नाहीत. त्यानं मागितले नाहीत.

महिन्यानं तो परत गेला. बकरी भरली होती. बाईनं फळीवरचा आकडा बघितला, काट्यावरचा बघितला आणि शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, तिनं तिसरीला हाक मारली. तिसऱ्या खेपेला ओट्यांवर बायका आधीच बकऱ्या धरून उभ्या होत्या. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडरही आता, "वजन किती? आधी वजन सांगा," असं विचारायला लागला होता. अंदाजानं दिलेल्या औषधानं एकदोघांची जनावरं दगावली होती, त्याचा बोल त्याच्यावर आला होता.

पण पैसे निघेनात. कुणी मूठभर दाणे द्यायची, कुणी "पुढच्या वेळी" म्हणायची. खुंट्याला मागता यायचं नाही. सायकलचा टायर गेला तेव्हा तो वेल्डिंगवाल्यासमोर जाऊन बसला.

"दिवसाला किती तोलतोस?"

"पन्नासेक."

"आणि पैसे कितीजण देतात?"

"चार-पाच."

"मग तू धंदा करत नाहीस बाबा. तू फिरायला जातोस."

त्या रात्री खुंट्याला झोप लागली नाही. पुढच्या फेरीला त्यानं तिपाई उभी केली, काटा टांगला आणि झोळी घडी करून काखेत धरली. बायका बकऱ्या घेऊन जमल्या. तो उभाच राहिला.

"काय झालं? लाव ना झोळी."

"आधी पैसे," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "चहाचे पैसे. एका जनावराचे."

कुजबुज झाली. एक म्हणाली, "बघा, लागला व्यापाऱ्यासारखा करायला. शेवटी भाऊच त्याचा." ते त्याला लागलं. पण त्यानं झोळी सोडली नाही. दोघी निघून गेल्या. टोपलीवालीनं कमरेचा बटवा सोडला, पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "मागच्या तीन वेळचे पण धरा." त्याहून जास्त ती काही बोलली नाही. गेलेल्या दोघी पुढच्या महिन्यात आल्या.

वर्ष सरलं. प्रत्येक वस्तीचा वार ठरला. कुणाची बकरी किती, कुणाचं पिलू अशक्त, कोणता बोकड कधी विकायला येईल, सगळं त्याला तोंडपाठ झालं. तयार बोकडांची बातमी शहरातल्या खाटकापर्यंत गेली आणि तो वस्तीवरच येऊन वजनावर घ्यायला लागला. बायका आकडा सांगायच्या, खाटीक काट्याकडं बघायचा, सौदा व्हायचा. खुंट्याला खोलीचं भाडं देऊन, सायकल दुरुस्त करून, अंगावर नवा सदरा घेण्याइतकं सुटायला लागलं.

लोक त्याला आता खुंट्या म्हणत नव्हते. चढावर सायकल दिसली की पोरं ओरडायची, "काटा आला, काटा आला!" बायका बकऱ्या सोडायला धावायच्या. सगळ्यांच्या नजरा तबकडीवर असायच्या. आकडा ऐकला की जो तो आपलं जनावर घेऊन घरात जायचा आणि ओटे रिकामे व्हायचे. तो तिपाई मिटायचा, डबा सोडायचा आणि वस्तीबाहेर एखाद्या झाडाखाली एकटाच जेवायचा. एकदा तापानं आठवडाभर पडून होता. बरं झाल्यावर गेला तर जो तो विचारायचा, "मागच्या वारी काटा का आला नाही?" त्यानं सांगितलं, ताप होता. "बरं, आता लाव लवकर," म्हणाले.

आणि मग एका सकाळी तोच पोरगेला हमाल खोलीशी आला. "थोरल्यांनी बोलावलंय," म्हणाला. "काटा घेऊन."

खुंट्यानं दाढी केली. नवा सदरा घातला. वाटेत तो मनाशी बोलत गेला. पैशाचं निघालं तर काय म्हणायचं, ते त्यानं पक्कं केलं: राहू दे दादा, घरचंच आहे. दोनतीनदा म्हणून बघितलं, नीट यावं म्हणून.

अंगणात विसेक जनावरं बांधली होती. थोरला बारीक झाला होता. "ये," म्हणाला. "खाटीक हल्ली वजनावरच घेतो. तोलून घ्यावी म्हटलं." हमालाला त्यानं दुसऱ्या कामाला पाठवलं आणि स्वतः पहिल्या बोकडाची शिंगं धरली. खुंट्यानं झोळी अडकवली. धाकटा आकडा वाचत होता आणि थोरला धरत होता. दोघांनाही त्यात हात कुठं ठेवावे ते पहिल्यांदा कळेना.

प्रत्येक जनावर झोळीत घालण्याआधी थोरला कमरेवर पंजा ठेवायचा आणि हळूच वजनाचा आकडा पुटपुटायचा. मग काटा थांबायचा. दर वेळी काटा पुढं असायचा, कधी चार किलो, कधी सहा. इथं फसवायला कुणी नव्हतं, जनावरं त्याचीच होती. तो मनापासून सांगत होता. इतकी वर्षं कमी सांगून सांगून हातालाच कमी लागायची सवय झाली होती. सातआठ जनावरांनंतर त्यानं पंजा ठेवणं बंद केलं. नुसता आकडा ऐकायचा आणि मान हलवायचा.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा शेवटची बकरी उतरली. थोरल्यानं हात पुसले.

"किती झाले तुझे?"

खुंट्याला पाठ केलेलं सगळं आठवलं. त्यानं भावाकडं बघितलं. थोरल्यानं पैसे आधीच काढून मुठीत धरले होते. राहू दे म्हटलं असतं तर ती मूठ कुठं न्यावी हे त्याला कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी त्यानं बोलावलंही नसतं.

"एका जनावराचे चहाचे पैसे," खुंट्या म्हणाला. "विसांचे द्या."

थोरल्यानं मोजून दिले.

वहिनी चहा घेऊन बाहेर आली. पाहुण्यांसाठी फळीवर असायचे त्या बशीवाल्या कपांतला एक कप होता. खुंट्यानं उभ्यानंच प्यायला. कप विसळायला म्हणून तो सवयीनं मोरीकडं वळला, तशी वहिनीनं पुढं होऊन त्याच्या हातातून कप घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी घेते. तुम्हाला उशीर होत असेल."

मग त्यानं तिपाई मिटली, झोळी गुंडाळली आणि सायकलला बांधली. थोरला म्हणाला, "पुढच्या महिन्यात ये." तो "येतो" म्हणाला.

वरच्या वस्तीवर पोचायला दुपार कलली. बायका ताटकळल्या होत्या. टोपलीवाली ओट्यावरून उठली. "आज फार उशीर केलात. आणि नवा सदरा? घरी गेला होतात का?"

खुंट्यानं तिपाईचे पाय दगडांत घट्ट रोवले. घाम पुसला.

"नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाकडं." आणि झोळी उघडून धरत विचारलं, "हं, पहिली कुणाची?"